सोबतीचे एकोणीस रकाने

बाईंच्या काही सवयी.

पेन टोपण न लावता खिशात ठेवायच्या. गणवेशाच्या खिशाखाली कायम एक निळा डाग असायचा. तो धुऊन निघाला की दुसरा पडायचा, जरा डावीकडे.

खाटेपाशी जाण्याआधी टाच दोनदा जमिनीवर वाजवायच्या. डोळे मिटून पडलेला माणूस दचकू नये म्हणून.

फोन उचलला की "बोला" म्हणायच्या नाहीत, "सांगा" म्हणायच्या. बोलणाऱ्याला अंत नसतो, सांगणाऱ्याला असतो, असं त्यांचं मत होतं.

डबा उघडला की आधी दुसऱ्याच्या डब्यात डोकवायच्या. स्वतःचा त्यांनीच भरलेला असायचा, त्यात नवल काही नसे.

कुणी "जरा दुखतंय" म्हटलं की विचारायच्या, जरा म्हणजे किती. "बरं वाटत नाही" म्हटलं की विचारायच्या, कुठे. आणि कुणी "सगळीकडेच" म्हटलं की पुढे काही विचारायच्या नाहीत. स्टूल ओढून बसायच्या.

या शेवटच्या सवयीपायी सगळं लचांड उभं राहिलं.

बाई दुसऱ्या मजल्यावरच्या वीस खाटांच्या वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस याच वॉर्डात. प्रमुखाने सकाळपाळी घ्यायची असते. बाई दुपारपाळी घ्यायच्या. सकाळी डॉक्टर असतात, तपासण्या असतात, माणसाला घाबरायला फुरसत नसते. दुपारी दोननंतर ती मिळते, असं त्या म्हणायच्या.

दुपारपाळीला त्यांच्या हाताखाली एकच नर्स होती. तिने आधी साहित्यात पदवी घेतली होती. पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसली. मग वडील म्हणाले, डोकं भरलं, आता पोटाचं बघ. आणि तिने नर्सिंग केलं. वॉर्डात तिला सगळे "बीए" म्हणत. सुरुवातीला ते टोचून म्हटलेलं होतं. पुढे टोक बोथट झालं, नाव राहिलं. बीए कंत्राटी होती. दर वर्षी तिच्या कागदावर एक सही व्हायची, आणि ती होईपर्यंत आठवडाभर ती कुणाशी नीट बोलायची नाही.

त्या वर्षी सहीच्या आधी दोन तरुण आले. रुग्णालयाने कामाचा वेळ मोजायला एक कंपनी लावली होती. दोघांच्या हातात पाट्यांएवढे संगणक होते. ते आठवडाभर वॉर्डाच्या दोन कोपऱ्यांत उभे राहिले आणि नर्सने काही केलं की बोट टेकवत राहिले. त्यांच्या यादीत एकतीस कामं होती. सलाईन लावणे, सलाईन काढणे, नाडी पाहणे, चादर बदलणे, अशी. यादीत नसलेलं काम दिसलं की बोट बत्तिसाव्या चौकोनावर जायचं. त्यावर लिहिलं होतं: "इतर".

महिन्याने अहवाल आला. सगळ्या रुग्णालयात सर्वांत जास्त "इतर" बाईंच्या वॉर्डात निघालं. दर दुपारपाळीला चौऱ्याण्णव मिनिटं. अहवालाने हिशेब सरळ मांडला होता. "इतर" म्हणजे काम नव्हे. ते वजा केलं की वॉर्डाला दीड नर्स पुरते. अर्धी नर्स मिळत नाही, तेव्हा एक पुरे. दुसरी अतिरिक्त.

दुसरी म्हणजे बीए.

बाई अहवाल घेऊन प्रशासकसाहेबांकडे गेल्या. ती चौऱ्याण्णव मिनिटं रिकामी नव्हती, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, मग त्यात काय होतं. बाई म्हणाल्या, सोबत. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माणूस सज्जन होता. ते म्हणाले, सिस्टर, मला सोबत कळते, माझी आईही इथे होती. पण मला कळून काय उपयोग. यादीत घालायची तर तिची व्याख्या पाहिजे. व्याख्या आणा, समितीपुढे ठेवू. तीन आठवडे देतो. तोवर या मुलीच्या कागदाला मी हात लावत नाही.

बीएला वाटलं, व्याख्याच ना. तीन वर्षं आपण दुसरं काय केलं.

तिने रात्रीतून लिहून आणली. "सोबत म्हणजे दोन एकटेपणांच्या मधे ठेवलेला दिवा."

बाईंनी कागद हातभर लांब धरून वाचला. "यात नर्स कुठाय?"

"ती दिवा, बाई."

"मग पाळी बदलताना काय करायचं? विझवायचा का तसाच द्यायचा?" त्यांनी कागदाची घडी घालून औषधाच्या ट्रॉलीच्या लटपटत्या चाकाखाली सारली. "बीए, उपमा देणारा माणूस काम टाळत असतो. हे काय आहे ते सांग. हे कशासारखं आहे ते मी विचारलंच नाही."

बीएची तीन वर्षं अशी चाकाखाली गेली. ट्रॉली मात्र त्या दिवसापासून लटपटली नाही.

पहिल्या बैठकीला बाईंनी स्वतःची ओळ नेली. "सोबत म्हणजे रुग्णाला एकटं वाटू न देणं." समितीत तिघं होती. नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या, आकडेवाले सर आणि प्रशासकसाहेब. प्राचार्या म्हणाल्या, यात काय नसतं ते कळतं, काय असतं ते कळत नाही. आकडेवाल्या सरांनी विचारलं, एकटं वाटणं शून्य ते दहाच्या पट्टीवर कितीने उतरलं म्हणजे सोबत झाली म्हणायचं. साहेबांनी विचारलं, हे नातेवाइकांचं काम नव्हे का. बाई म्हणाल्या, नातेवाइकांना आम्ही चार वाजता बाहेर काढतो. साहेब म्हणाले, मग काढू नका. प्राचार्या म्हणाल्या, काढायलाच हवं, जंतुसंसर्गाचा नियम आहे. यावर पाऊण तास गेला. इतिवृत्तात आलं: "सोबतीविषयी सखोल चर्चा झाली."

जाताना प्राचार्यांनी बाईंना एक छापील कागद दिला. संकल्पना कशी उकलायची त्याच्या पायऱ्या होत्या. शब्द कुठे कुठे वापरतात ते पाहा. त्याची लक्षणं काढा, जी नसतील तर ती गोष्ट ती उरत नाही अशी. मग तीन उदाहरणं लिहा. एक आदर्श, ज्यात सगळी लक्षणं आहेत. एक हद्दीवरचं, ज्यात काही आहेत. एक विरुद्ध, ज्यात एकही नाही. प्राचार्या हळू आवाजात म्हणाल्या, मीही तुमच्याच बाजूची आहे, पण गोल गोल लिहून आणू नका, माझी पंचाईत होते.

बाईंनी तो कागद औषधखोलीच्या दारामागे चिकटवला. दोन दिवस त्या कागदाकडे आणि कागद त्यांच्याकडे बघत राहिला. हद्दीवरचं उदाहरण म्हणजे काय, इथे घोडं पेंड खात होतं. ते सोडवलं नऊ नंबरने.

नऊ नंबरच्या खाटेवर जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. पायाची जखम भरत नव्हती. जखमेलाही घाई नव्हती आणि काकांनाही. घरी सुनेचं राज्य होतं. वॉर्डात त्यांना सगळे सर्व्हेअरकाका म्हणत. ड्रेसिंग चालू असताना बाईंनी त्यांना आपली अडचण सांगितली, पायावरचं लक्ष उडावं म्हणून. काकांचं लक्ष खरंच उडालं.

"सिस्टर, शेताच्या मधोमध उभं राहून हद्द कळत नसते," काका म्हणाले. "मधे सगळं आपलंच दिसतं. बांधावर जावं लागतं. आणि मोजणीच्या आधी चारी बाजूच्या शेजाऱ्यांना नोटीस काढावी लागते. तुमच्या या सोबतीला शेजारी कोण कोण?"

बाईंच्या हातात चिमटा तसाच राहिला.

पुढचे पाच दिवस ड्रेसिंगच्या वेळी मोजणी चालली. बीए ट्रे धरून उभी असायची आणि खिशातल्या चिठ्ठीवर टिपून घ्यायची. चार शेजारी निघाले. देखरेख, पहारा, भेट आणि गप्पा.

देखरेख आधी बाद झाली. ती खाटेजवळचं यंत्रही करतं, आणि त्याला उठून जाता येत नाही, वायर असते. पहारेकऱ्याला पाय आहेत, पण जाण्याची सोय नाही. गेला तर नोकरी जाते. भेटीला आलेला जाऊ शकतो आणि जातोच, तो येतानाच जायच्या तयारीने आलेला असतो. काका म्हणाले, माझा मुलगा बघा, चपला पूर्णपणे काढतच नाही. गप्पांपाशी जरा वाद झाला. बीएचं म्हणणं, गप्पा हीच सोबत. बाई म्हणाल्या, चार नंबरच्या आजींच्या घशात नळी आहे, त्यांच्याशी काय गप्पा मारणार. पण परवा त्यांच्यापाशी बसले होते ती सोबत नव्हती म्हणतेस का? बीएला तसं म्हणवेना. गप्पांच्या बाजूचाही बांध घालून झाला.

चारी बाजूंचं काढून टाकल्यावर मधे जे उरलं ते बाईंनी एका ओळीत लिहिलं. "सोबत म्हणजे रुग्णापाशी अशा व्यक्तीचं असणं, जिला उठून जाता येतं, जी जात नाही, आणि या दोन्ही गोष्टी रुग्णाला ठाऊक असतात."

बीएने ओळ तीनदा वाचली. एकही शब्द काढता येत नव्हता. एकही घालता येत नव्हता. एवढ्या पुस्तकांतून असं एक वाक्य आपल्याला लिहिता आलं नाही, आणि बाईंनी ते ड्रेसिंगच्या पाकिटावर लिहिलं, याचं तिला वाईट वाटलं. मग बरं वाटलं.

उदाहरणं लिहायला वेळ लागला नाही. आदर्श उदाहरण म्हणून बाईंनी चार नंबरच्या आजींची गोष्ट जशीच्या तशी लिहिली. आजींना दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला न्यायचं होतं. त्या सारख्या दाराकडे बघत होत्या. नर्स लोखंडी स्टूल घेऊन बसली. आजींचा उजवा हात हातात घेतला. दोघी काही बोलल्या नाहीत. अकरा मिनिटांनी आजींनी डोळे मिटले. नर्स उठली.

हद्दीवरच्या उदाहरणाला बाईंनी घरचं माणूस वापरलं. त्यांचे मिस्टर निवृत्त होते आणि संध्याकाळभर शब्दकोडं सोडवत. बाईंनी लिहिलं: एक पती आणि एक पत्नी एका खोलीत चार तास बसतात, दोघांना उठून जाता येतं, जात नाहीत, मात्र हे त्यांच्या ध्यानात असतं की नाही, सांगता येत नाही. आधी त्यांनी हे विरुद्ध उदाहरण म्हणून घातलं होतं. मिस्टरांनी वाचून हरकत घेतली. "माझ्या ध्यानात असतं," ते म्हणाले, आणि परत कोड्यात गेले. तेव्हा बाईंनी त्यांना हद्दीवर आणलं. विरुद्ध उदाहरण त्यामुळे कोरं राहिलं. नंतर घालते, असं त्यांनी समितीला लिहून दिलं.

दुसऱ्या बैठकीत व्याख्या एका फटक्यात मान्य झाली. प्राचार्यांनी ती दोनदा मोठ्याने वाचली. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. कदाचित त्यांना आई आठवली असावी. बाई उठणार, तेवढ्यात आकडेवाले सर म्हणाले, छान आहे, पण मोजायची कशी?

बाई म्हणाल्या, बसलेली दिसली की मोजा.

सरांनी मान हलवली. नुसतं बसणं आणि सोबत यांतला फरक यंत्राला कळत नाही. त्यांना खुणा हव्या होत्या. आणि खुणा आदर्श उदाहरणात आयत्या पडलेल्या होत्या. त्यांनी लाल पेनने एकेक अधोरेखित केलं. लोखंडी स्टूल. उजवा हात. मौन. अकरा मिनिटं.

बाई म्हणाल्या, अहो, ते त्या दिवशी तसं होतं. आजींच्या डाव्या हाताला सुई होती म्हणून मी उजवा धरला.

सर समजुतीने म्हणाले, सिस्टर, यात सगळी लक्षणं आहेत, असं तुम्हीच वर लिहिलंय.

असं "सोबत नोंद पत्रक" जन्माला आलं. एकोणीस रकाने होते. खाट क्रमांक. आसनाचा प्रकार. हात, उजवा की डावा. डावा असल्यास कारण. सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, अकरा मिनिटांपेक्षा कमी असल्यास नोंद बाद. अठराव्या रकान्यात रुग्णाला विचारायचा प्रश्न छापलेला होता: "संबंधित परिचारिका उठून जाऊ शकत होती व गेली नाही, हे आपणांस ठाऊक आहे काय? होय / नाही." एकोणिसावा रुग्णाच्या सहीसाठी.

महिनाभर प्रयोग करायचा ठरला. पाळीला सरासरी चौऱ्याण्णव मिनिटं सोबत निघाली तर बीएचं पद राहील.

पहिल्याच दिवशी बाईंनी आपल्या घड्याळावर मोजलं. अकरा मिनिटांच्या सोबतीचं पत्रक भरायला चौदा मिनिटं लागली. नाकापेक्षा मोती जड, असं त्या म्हणाल्या आणि दुसरं पत्रक घेतलं.

तीन नंबरचा माणूस सोबतीत झोपला. ठाऊक असल्याचं सांगायला तो जागाच नव्हता, म्हणून नोंद बाद. पुढच्या दिवशी त्याला अकराव्या मिनिटाला हलवून उठवावं लागलं. चार नंबरच्या आजी ऑपरेशनहून सुखरूप आल्या होत्या. त्यांनी अठराव्या रकान्यातला प्रश्न ऐकला, बीएकडे पाहिलं आणि हात हळूच काढून घेतला. त्यांना वाटलं, पोरगी जायचं म्हणतेय. सतरा नंबरला बोलायचं होतं, पण मौन हे लक्षण होतं. त्याने अकरा मिनिटं दम धरला आणि मग अठरा मिनिटं बोलला. ती अठरा "इतर"मध्ये गेली.

आणि स्टूल एकच होतं. बाई चार नंबरपाशी बसल्या की बीएने बारा नंबरपाशी उभं राहून दिलेली सोबत धरायची नाही. खाटेवर बसायला जंतुसंसर्गाची मनाई. बाईंनी भांडारात दुसरं स्टूल मागितलं. भांडारातून उत्तर आलं की स्टूल कोणत्या कामासाठी, तो यादीतला क्रमांक लिहावा. सोबतीला क्रमांक नव्हता. तो प्रयोग यशस्वी झाल्यावर मिळणार होता. प्रयोग यशस्वी व्हायला स्टूल लागणार होतं.

बाईंनी वाद घातला नाही. भंगारातून एक स्टूल उचलून आणलं. सांगाडा शाबूत होता, बैठक गेलेली. घरून प्लास्टिकच्या निळ्या पट्टीची गुंडाळी आणली आणि चहाच्या सुट्टीत औषधखोलीत विणायला बसल्या. आधी उभ्या पट्ट्या. बीएला त्यांनी पट्टी ताणून धरायला लावलं. लहानपणी वडिलांबरोबर घरच्या खाटा विणल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. खाट विणणाऱ्या माणसाला घाई चालत नाही, एक पट्टी सैल राहिली की बसणारा आयुष्यभर एका बाजूला कलतो.

पंधराव्या दिवशी सरासरी एकोणनव्वद होती. बीए रात्री अंथरुणात आकडे मांडायची. दिवसाला पाच मिनिटं कमी. आता रुग्ण तिला रुग्ण दिसत नव्हते. कुणाचा उजवा हात मोकळा आहे, एवढंच दिसायचं.

त्या दिवशी बाई नऊ नंबरपाशी बसल्या. अकरा मिनिटं झाली. त्यांनी पत्रक पुढे केलं. सर्व्हेअरकाकांनी अठरावा रकाना वाचला आणि "नाही"वर खूण केली.

"काका, काय हे," बीए म्हणाली. "एका खुणेचा प्रश्न आहे."

"मोजणीचा कागद आहे, पोरी. खोटी सही मी खात्यात असताना केली नाही, आता काय करू." काकांनी पेन बाईंना दिलं. "सिस्टर, सातव्या मिनिटाला त्या समोरच्या खाटेवरच्या तरुणाची सलाईनची बाटली संपली. तुम्ही पाहिलीत. मीही पाहिली. उठलात का?"

बाईंनी बाटलीकडे पाहिलं.

"अकरा भरली नव्हती म्हणून उठला नाहीत. म्हणजे तुम्हाला उठता येत नव्हतं. आपण बांध कुठे घातला होता? ज्याला उठता येत नाही तो पहारेकरी. तुम्ही आता पलीकडच्या शेतात बसलाय."

बाई उठल्या. बाटली बदलली. मग हसल्या, बराच वेळ, आवाज न करता. मग हसू थांबलं आणि त्या औषधखोलीत जाऊन दारामागच्या कागदापुढे उभ्या राहिल्या.

डबा खाताना त्यांनी बीएला सांगितलं. विरुद्ध उदाहरण सापडलं होतं. एकही लक्षण नसलेलं. ते म्हणजे पत्रक भरायला बसलेली नर्स. हे समितीला लिहून द्यायला हवं.

बीएचा घास तोंडातच राहिला. तसं लिहिलं की प्रयोग बंद, प्रयोग बंद की तिचा कागद बंद, हे दोघींना ठाऊक होतं. तिने विचारलं, महिना संपल्यावर लिहिलं तर नाही का चालणार. पंधरा दिवसांनी सही होईल, मग लिहा. ती हळू बोलली. त्यामुळे ते अधिक वाईट ऐकू आलं.

"माझ्या डोळ्यांसमोर एक बाटली रिकामी राहिली," बाई म्हणाल्या. "चार मिनिटं. काही झालं नाही. पण मी बसून राहिले, बीए. एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

"आणि माझं काय?"

बाईंनी तिच्या डब्यात पाहिलं. तो रिकामा होता. त्यांनी आपल्यातलं अर्धं तिकडे सारलं. "तुझं मला कळतंय. म्हणून तर अजून लिहिलं नाही. सोमवारपर्यंत थांबते. असं काहीतरी लिहीन, की व्याख्याही जगेल आणि तूही." मग पुढे म्हणाल्या, "कसं ते विचारू नकोस. मला माहीत नाही."

बीए तीन दिवस बाईंशी कामापुरतं बोलली. पट्टी ताणून धरायला गेली नाही. बाई एकट्याच विणत होत्या, एक टोक दाराच्या कडीला बांधून.

चौथ्या दिवशी, शनिवारी, तीनच्या सुमारास बाई औषधखोलीतून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकल्या. बीएने विचारलं, काय होतंय. बाई म्हणाल्या, जबडा दुखतोय. बीएने विचारलं, किती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळीकडेच."

डॉक्टर आले, तपासलं, हृदय आहे म्हणाले. खालच्या हृदयविभागात खाट सहा वाजता रिकामी होणार होती. तोवर उपचार इथेच. दोन नंबर रिकामा होता. बाईंना दोन नंबरवर घेतलं. यंत्र लावलं, औषधं सुरू केली. खालून एक नर्स वॉर्ड सांभाळायला पाठवली. मिस्टरांना फोन गेला. ते आले तेव्हा शर्टाच्या खिशात शब्दकोड्याची घडी आणि पेन्सिल तशीच होती. लोखंडी स्टूल त्यांना दिलं.

बाईंनी त्यांना बसताना पाहिलं. "हद्दीवरचं आलं बघ," त्या बीएला म्हणाल्या. मिस्टरांनी त्यांचा हात धरला. डावा. कारण कुणी विचारलं नाही.

बीए पलीकडच्या बाजूला उभी राहिली. स्टूल नव्हतं. खालून आलेली नर्स तीनदा तिला हाक मारून गेली. ती गेली, बाटली बदलली, इंजेक्शन दिलं, आणि दर वेळी परत आली. सव्वाचारला बाईंनी डोळे उघडले.

"पत्रक भर," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं कमी पडतायत."

"नाही भरत."

"मग हे सगळं 'इतर'मध्ये जाईल."

"जाऊ दे, बाई."

बाईंनी डोळे मिटले. "मी जागी आहे," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे." हे त्यांनी दोघांना उद्देशून म्हटलं की एकालाच, ते कळलं नाही.

साडेपाचला यंत्राचा आवाज बदलला. सगळे धावले. जे करायचं असतं ते सगळं केलं. एकतीस कामांच्या यादीतलं एकही राहिलं नाही. सहाला पाच कमी असताना डॉक्टरांनी घड्याळ पाहून वेळ सांगितली. पाच मिनिटांनी खालून निरोप आला, खाट रिकामी झाली आहे, पाठवा.

त्या दिवशीच्या नोंदीत सोबत शून्य मिनिटं आली. इतर, एकशे एकाहत्तर.

बीएने सरासरी काढली नाही. ती घरी गेली आणि आईने विचारलं तर म्हणाली, काही नाही, बाई नाहीत. आईला वाटलं, रजेवर गेल्या.

सोमवारी तिने स्वतःच समितीला लिहायचं ठरवलं होतं. त्याआधीच साहेबांचं पत्र आलं. पत्र छोटं होतं. दुपारपाळीतील एक पद दुर्दैवाने रिक्त झालं असून, अहवालानुसार पाळीस एक परिचारिका पुरेशी आहे. सबब अतिरिक्त पदाचा प्रश्न उरत नाही. परिचारिका क्रमांक दोन यांची सेवा पुढे चालू ठेवण्यात येत आहे. सोबतीचा प्रयोग समाप्त करण्यात येत आहे. खाली सही होती. शाईची, खरी.

बीएने पत्र सर्व्हेअरकाकांना दाखवलं. काकांनी ते वाचून उलटं केलं, मागे काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि परत दिलं. "हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले.

आता वीस खाटांना ती एकटी. टाच दोनदा वाजवते आणि पुढे जाते. बसायला वेळ होत नाही. कुणी "सगळीकडेच" म्हटलं तर "आलेच" म्हणते.

औषधखोलीच्या दारामागे प्राचार्यांचा कागद अजून आहे. त्याच्याखाली निळं स्टूल आहे. उभ्या पट्ट्या सगळ्या ताणून झाल्या आहेत. आडव्या सात झाल्या आहेत. आठवी पट्टी पाचव्या उभ्या पट्टीखालून निघून वर आली आहे, आणि तिथे ती ड्रेसिंगच्या चिमट्याने धरून ठेवलेली आहे. उरलेली गुंडाळी खाली जमिनीवर आहे.